एका ‘विलायती’ जोडीची कुळकथा

पुष्कळ मराठी घरांच्या दिवाणखान्यात पूर्वी एखादे तरी विलायती चित्र चौकटीत लावलेले असे. दिनदर्शिकेच्या रूपाने ते आजही भिंतीवर येते. दगडी भिंतींचे बुटके घर, दारापुढे लाकडी कमान, कमानीवर फिकट गुलाबांचे घोस, आणि त्या घोसांतून डोकावणारी निळी-जांभळी, चांदणीच्या आकाराची मोठमोठी फुले. गुलाब सर्वांनाच ओळखू येतो. निळ्या फुलाचे नाव विचारले, तर घरातील जाणती माणसेही ‘असेल काही विलायती वेल’ एवढे म्हणून मोकळी होतात. आमच्याही घरी असे एक चित्र होते व लहानपणी आम्हांलाही हेच उत्तर मिळाले होते. त्या वेलीचे नाव क्लेमॅटिस, हे पुढे पुस्तकांतून कळले. ती आपल्या घाटातील मोरवेलीची सख्खी चुलत बहीण आहे, हे कळण्यास मात्र आणखी बरीच वर्षे जावी लागली.

गुलाब आणि क्लेमॅटिस एकत्र वाढवणे ही इंग्रजी बागेची एक खूणच होऊन बसली आहे. तेथील माळी व हौशी गृहस्थ या जोडीकडे आपल्या घरचे लेणे म्हणून पाहतात, आणि जगातील इतर लोकही तिला इंग्रजीच समजतात. परंतु लग्न जुळवणारा जसा उभय पक्षांचे कूळ, गाव आणि मामेकूळ विचारतो, तशी या जोडीची चौकशी करू लागलो, म्हणजे वाट इंग्लंडात न थांबता कलकत्त्यास, नेपाळात, चीनच्या बंदरांत आणि जपानातील नागासाकीपर्यंत जाते. ही कुळकथा येथे थोडक्यात सांगावी, असा आमचा विचार आहे. इंग्रज उद्यानकारांचे श्रेय कमी करावे, हा हेतू त्यात नाही. त्यांची मेहनत आणि दृष्टी आदरास पात्रच आहे. मात्र जमाखर्चाच्या वहीत काही नोंदी राहून गेल्या आहेत. त्या करून ठेवणे हे इतिहासाचे काम आहे.

प्रथम या दोघांचा स्वभाव पाहू. आपण ‘वेली गुलाब’ असे म्हणतो खरे. पण गुलाब हा वस्तुतः वेल नव्हे. त्याला कारल्यासारखे ताणे नाहीत, की गारवेलीसारखे आधाराला वेटोळे घालणारे खोड नाही. त्याच्या लांब फांद्या शेजारच्या झाडावर रेलतात आणि खाली वळलेल्या आकडेदार काट्यांनी तेथे अडकून राहतात, एवढेच त्याचे चढणे. बागेत त्यास कमानीशी किंवा भिंतीवरील तारांशी बांधूनच घ्यावे लागते. क्लेमॅटिसची रीत निराळी. तिच्या पानांचे देठच स्पर्शाने वळतात आणि सापडेल त्या आधाराला विळखा घालतात. मात्र हा देठ आखूड असल्यामुळे जाड खांब त्याच्या कवेत येत नाही. त्याला बोटाहून बारीक काटकी लागते. अशा काटक्यांची आयती ताटी कोठे मिळावी, तर गुलाबाच्याच सांगाड्यावर. म्हणजे बांधून उभा केलेला गुलाब हा क्लेमॅटिसचा मांडव होतो.

या सोयरिकीत गुलाबाचाही लाभ आहे. जुन्या वेली गुलाबांपैकी बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात. इंग्लंडात जून-जुलैचे तीन-चार आठवडे काय ते त्यांच्या वैभवाचे. एरवी भिंत नुसती हिरवी. याचे कारण आता शास्त्रज्ञांना बरेचसे उलगडले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे, गुलाबाच्या ज्या जनुकामुळे फुलण्यास आळा बसतो, तेच जनुक फांद्यांना लांब वाढू देण्याच्या कामीही येते. चिनी गुलाबांत त्या जनुकामध्ये एक परका तुकडा घुसून ते निकामी झाले आहे. म्हणून ते गुलाब वर्षभर फुलतात, पण झुडूप होऊनच राहतात. रानटी गुलाबांत ते शाबूत असते; म्हणून ते उंच चढतात, पण एका ऋतूपुरतेच फुलतात. उंच चढावे आणि सतत फुलावेही, हे गुलाबाला सहजासहजी साधत नाही. उरलेले महिने भरून काढण्यास सोबती लागतो. दुसरी उणीव रंगाची. निळ्या रंगास लागणारे डेल्फिनिडिन नावाचे द्रव्य गुलाबाच्या पाकळीत तयार होत नाही. जपानमधील सन्टोरी या कंपनीने दुसऱ्या फुलाचे जनुक गुलाबात घालून २००९ साली ‘निळा गुलाब’ बाजारात आणला. पण तोही डोळ्यांना फिकट जांभळाच दिसतो. क्लेमॅटिसपाशी हा निळा-जांभळा रंग भरपूर आहे. आधार एकाने द्यावा, रंग आणि ऋतू दुसऱ्याने द्यावा, असा हा व्यवहार आहे.

आता गुलाबाच्या पक्षाची हकीकत. युरोपात गुलाब प्राचीन काळापासून होते. परंतु शरदात दुसऱ्यांदा फुलणारा एक दमास्क गुलाब सोडला, तर ते सारे वर्षातून एकदाच फुलणारे. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात चीनमधील बारमाही गुलाब इंग्लंडात पोहोचले आणि सगळा डाव पालटला. १७९२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक गिल्बर्ट स्लेटर यांच्याकडे किरमिजी रंगाचा गुलाब आला. पाठोपाठ पार्सन्स या गृहस्थांच्या नावाने ओळखला जाणारा गुलाबी आला; १८०९ साली ह्यूम यांच्या नावाचा फिकट आणि १८२४ साली जॉन पार्क्स यांनी आणलेला पिवळा. या चौघांपासून आजच्या बहुतेक बागाईत गुलाबांचा वंश चालत आला आहे. हे चीनमधून निघाले ते चहाच्या व्यापाराच्या मार्गाने, आणि त्या मार्गावरचा एक मोठा मुक्काम कलकत्ता हा होता. फ्रेंच लोक तर या चिनी गुलाबाला ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. मूळ गाव एक आणि आडनाव वाटेतल्या मुक्कामाचे, असा प्रकार आपल्याकडील घराण्यांतही पुष्कळ आढळतो. गुलाबाच्या घराण्यातही तो घडला.

कलकत्त्याचे वनस्पती-उद्यान हुगळीच्या तीरी शिवपूर येथे १७८७ साली कर्नल रॉबर्ट किड यांनी स्थापन केले. १७९३ पासून १८१३ पर्यंत विल्यम रॉक्सबर्ग हे त्याचे अधीक्षक होते. चीन, मलाया, मॉरिशस, नेपाळ आणि इंग्लंड यांच्यामध्ये रोपांची जी देवघेव चाले, तिचे हे उद्यान म्हणजे एक धर्मशाळाच होते. समुद्रप्रवासाने मरगळलेली रोपे येथे जमिनीत लावून सावरावी आणि मग पुढच्या जहाजावर चढवावी. रॉक्सबर्ग यांनी येथे हिंदी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. चित्रे जपून ठेवलेली आहेत. ती काढणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

येथे मराठी वाचकाला एक ओळखीचा पाहुणा भेटतो. श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे आपणांस ठाऊक आहेत ते १८०५ साली मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश प्रसिद्ध करणारे म्हणून. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवीत आणि या कामी त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. हेच केरी वनस्पतींचे निस्सीम वेडे होते. रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याच्या उद्यानातील झाडांची जी यादी केली होती, ती १८१४ साली केरी यांनीच श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली; रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरील मोठा ग्रंथही केरी यांनीच संपादून प्रसिद्धीस आणला; आणि १८२० साली कृषी व उद्यानविद्येची एक संस्था स्थापन केली. रॉक्सबर्ग यांनी या मित्राचे नाव एका वृक्षाला दिले. तो वृक्ष म्हणजे सह्याद्रीतील आपला कुंभा. कुंभ्याच्या लॅटिन नावात मराठीच्या एका आद्य व्याकरणकाराचे नाव गुंफलेले आहे, ही गोष्ट त्याच्या सावलीत बसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

रॉक्सबर्ग यांच्यानंतर काही वर्षांनी नॅथॅनियल वालिच हे डॅनिश वैद्य उद्यानाचे अधीक्षक झाले. त्यांच्या नेपाळातील संग्रहातून हिमालयाचा रानगुलाब पश्चिमेस गेला. पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या झुबक्यांनी डवरणारा आणि एखादे मोठे झाड सहज झाकून टाकणारा हा गुलाब पहाडी लोकांना ‘कुंजा’ या नावाने परिचित आहे. लिंडले या शास्त्रज्ञाने १८२० साली त्याचे वर्णन करून त्यास रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिले, आणि १८२२ पासून तो इंग्लंडातील बागांत दिसू लागला. झाडावर चढवलेला गुलाब आणि त्यावर चढलेली क्लेमॅटिस, असे जे तिमजली दृश्य इंग्रज रसिकांना पुढे प्रिय झाले, ते हिमालयाच्या जंगलात कोणी न योजताच घडत आलेले आहे.

याहूनही थोर एक पूर्वज आमच्या पूर्व सीमेवर आहे. १८८२ साली सर जॉर्ज वॉट यांना मणिपूरच्या डोंगरांत एक प्रचंड रानगुलाब आढळला. कोवळ्या पिवळसर पांढऱ्या रंगाची, ओंजळीएवढी त्याची फुले, आणि चढण्याचा आवाका असा की तो उंच वृक्षांच्या शेंड्यापर्यंत पोहोचतो. पुढे ब्रह्मदेशातील शान डोंगरांतही तो सापडला आणि ‘महाकाय’ अशा अर्थाचे लॅटिन नाव त्यास मिळाले. चहाच्या पानांसारखा सुगंध असलेले म्हणून जे ‘टी’ गुलाब प्रसिद्ध झाले, त्यांच्या रक्तात या महाकाय गुलाबाचा अंश आहे. ह्यूम आणि पार्क्स यांच्या नावांनी मिरवणारे ते दोन गुलाब याच वंशातले. म्हणजे सरदार घराण्याची कीर्ती लंडनमध्ये गाजत होती, तेव्हा त्याचा मूळ पुरुष मणिपूरच्या रानात कोणास न सांगता फुलत होता.

आता दुसरा पक्ष. इंग्लंडाची स्वतःची म्हणावी अशी क्लेमॅटिस एकच. ती कुंपणांवर माजते, तिची फुले बारीक आणि मळकट पांढरी असतात. १५९७ साली आपल्या वनस्पतिग्रंथात जॉन जेरार्ड यांनी तिला ‘प्रवाशाचा आनंद’ अशा अर्थाचे गोड नाव दिले, ते आजतागायत चालू आहे. सोळाव्या शतकातच दक्षिण युरोपातील जांभळ्या, लहान फुलांची जात इंग्लंडात आली. तिचे लॅटिन नाव व्हिटिसेला. आज आपण चित्रात पाहतो ती तळहाताएवढी फुले या दोघींपैकी कोणाच्याही घरात नव्हती. ती आली पूर्वेकडून.

फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड हा जर्मन वैद्य डच व्यापाऱ्यांच्या नोकरीत नागासाकीजवळील देजिमा या चिमुकल्या बेटावर राहत असे. परकीयांना त्या काळी जपानात अन्यत्र फिरण्याची मनाई होती. सिबोल्डने आपल्या विद्येच्या बळावर जपानी शिष्य मिळवले आणि त्यांच्यामार्फत वनस्पती गोळा केल्या. देशाचे नकाशे जवळ बाळगल्यावरून १८२८ साली त्याच्यावर हेरगिरीचा आळ आला आणि पुढच्या वर्षी त्यास जपानातून घालवून देण्यात आले. त्याने आणलेल्या वनस्पतींपैकी पेटन्स नावाची मोठ्या फुलांची क्लेमॅटिस १८३६ च्या सुमारास युरोपातील बागांत आली. जपानी लोक तिला ‘काझागुरुमा’ म्हणतात. म्हणजे मुलांच्या हातातले भिरभिरे. फुलाकडे पाहिले की नावाची सार्थता पटते. जपानी माळी या वेलीची जोपासना कित्येक पिढ्या करीत आले होते. युरोपाला ती ‘सापडली’ तेव्हा ती रानटी अवस्थेत मुळीच नव्हती.

दुसरी मोठ्या फुलांची जात चीनमधली. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉट संग्राहकाला १८५० साली निंगपो शहराच्या परिसरात ती आढळली. हा तोच फॉर्च्युन, ज्याला ईस्ट इंडिया कंपनीने चीनमधून चहाची रोपे, बी आणि चहा तयार करणारे कारागीर हिंदुस्थानात आणण्याकरिता पाठवले होते. काचेच्या बंद पेट्यांतून त्याने पाठवलेली चहाची रोपे कलकत्त्यावरून हिमालयाच्या पायथ्याशी गेली, आणि त्याच उद्योगात हाती लागलेली ही फिकट निळ्या फुलांची वेल इंग्लंडात गेली. आपल्या पेल्यातला चहा आणि चित्रातील निळे फूल यांच्यामागे एकाच माणसाची भटकंती आहे.

यानंतरचे काम मात्र निर्विवाद इंग्रजी आहे, आणि ते मनापासून सांगितले पाहिजे. सरे परगण्यातील वोकिंग येथे जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. जॉर्ज जॅकमन यांनी १८५८ साली फॉर्च्युनच्या चिनी वेलीचा युरोपीय व्हिटिसेलाच्या वंशजांशी संकर केला. १८६२ साली त्या रोपांवर गडद जांभळी, मखमली फुले उमलली. पुढच्या वर्षी ती लंडनच्या प्रदर्शनात गाजली आणि ‘जॅकमनी’ हे नाव घरोघर गेले. १८७२ साली थॉमस मूर यांच्यासह जॅकमन यांनी क्लेमॅटिसवर ग्रंथही लिहिला. तोवर शेकडो संकर निघाले होते. प्रत्येक रोपवाटिका आधीच्याहून मोठे फूल दाखवण्याच्या चढाओढीत गुंतली होती.

आणि मग या वैभवाला दृष्ट लागावी तसे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरात असलेल्या, कळ्यांनी लवलेल्या वेली अचानक माना टाकू लागल्या. आज संध्याकाळी टवटवीत असलेली फांदी दोन दिवसांत काळवंडून लोंबू लागे. कोणी पाण्यावर, कोणी थंडीवर, कोणी जंगली मुळांवर बांधलेल्या कलमांवर ठपका ठेवला. पुष्कळांनी क्लेमॅटिस लावणेच सोडले. हा रोग एका बुरशीचा, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील संशोधनाने दाखवून दिले. त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रोगास अधिक बळी पडल्या त्या पूर्वेकडील मोठ्या फुलांच्या वंशातील वेली. लहान फुलांची जुनी व्हिटिसेला आणि तिच्या निकटच्या संतती बहुतांशी तगून राहिल्या. मोठ्या फुलाच्या मोहाने जिला मागे सारले होते, तीच थोरली जाऊ संकटात घर सावरायला उभी राहिली.

पडत्या काळात ज्यांनी या वेलीची पाठराखण केली, त्यांत विल्यम रॉबिन्सन यांचे नाव पहिले. १८७० साली ‘रानबाग’ आणि १८८३ साली ‘इंग्रजी पुष्पोद्यान’ या विषयांवर ग्रंथ लिहून त्यांनी, आखीव वाफ्यांत दर ऋतूला रोपे बदलण्याच्या व्हिक्टोरियन रीतीवर कठोर हल्ला चढवला. झाडे आपल्या स्वभावाप्रमाणे एकमेकांत मिसळून वाढू द्यावीत, हा त्यांचा आग्रह. ससेक्समधील ग्रेव्हटाय येथील आपल्या जागेत त्यांनी क्लेमॅटिस झुडपांवर आणि वृक्षांवर मोकळी सोडली. त्यांचे मुख्य माळी अर्नेस्ट मार्कम यांनी तेथेच या वेलीचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९३५ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. मौज अशी की, इंग्रजी बागेला ‘इंग्रजी’ रूप देणारे हे रॉबिन्सन स्वतः जन्माने आयरिश होते.

त्यांच्या सहकारी गर्ट्रूड जेकिल यांनी १९०२ साली इंग्लंडच्या बागांतील गुलाबांवर लिहिताना कमानी, मांडव, जुन्या भिंती आणि झाडे यांवर गुलाब कसे सोडावेत, याची दृष्टी दिली. १९३० साली व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकोल्सन या दांपत्याने केंट परगण्यातील सिसिंगहर्स्टचा मोडकळीस आलेला वाडा घेतला आणि तेथे जी बाग उभी केली, तीत जुन्या गुलाबांच्या संगतीला क्लेमॅटिस आल्या. तेथील गुलाबबागेतील अर्धवर्तुळाकार विटांच्या भिंतीवर पसरलेली आकाशी ‘पर्ल दाझ्यूर’ ही वेल जगभर छायाचित्रांतून पोहोचली. ती मात्र १८८५ साली फ्रान्समधील लियाँ येथील मोरेल यांनी निर्माण केलेली. चित्रातील निळ्या फुलाचा हा आणखी एक मुक्काम.

या माळ्यांनी अनुभवाने जे नियम बसवले, ते साधे आणि शहाणपणाचे आहेत. गुलाब आधी लावावा आणि त्याचा सांगाडा उभा राहीपर्यंत एक-दोन वर्षे वाट पाहावी. नाहीतर चपळ सोबतीण त्यास झाकून टाकते. क्लेमॅटिस गुलाबाच्या बुंध्याला न खेटता दीड-दोन फुटांवर, थोडी खोल लावावी, म्हणजे रोगाने वरची फांदी गेली तरी मातीखालच्या डोळ्यांतून ती पुन्हा फुटते. तिच्या मुळांना गारवा आणि शेंड्याला ऊन हवे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छाटणीचा मेळ. जॅकमनी आणि व्हिटिसेला या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, नव्या फांद्यांवर फुलतात. त्या हिवाळ्याच्या अखेरीस जमिनीपासून फूटभरावर सरसकट कापल्या तरी चालते. त्यामुळे त्या वेळी गुलाब मोकळा होतो आणि त्याची छाटणी नीट करता येते. उलट हिमालयातील मोंटाना जात इतकी जोरकस की साध्या गुलाबाला ती गुदमरवून टाकील. तिला मोठे झाडच हवे.

या मोंटानाची कथा अवश्य सांगितली पाहिजे. तिचे शास्त्रीय नाव दिले फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी. हेच बुकॅनन १८०१ साली कंपनी सरकारच्या वतीने पाहणी करीत होन्नावर-कारवारच्या किनाऱ्याने हिंडले होते. पुढच्याच वर्षी ते नेपाळात गेले. वेल इंग्लंडात नेण्याचे श्रेय लेडी अ‍ॅमहर्स्ट यांना दिले जाते. त्यांचे पती १८२३ ते १८२८ या काळात गव्हर्नर-जनरल होते. उत्तरेकडील प्रवासात आणि सिमल्याच्या मुक्कामात या बाईंनी व त्यांच्या कन्येने वनस्पती जमवल्या. १८३१ साली मोंटाना इंग्लंडात आल्याची नोंद आहे. वसंतात पांढऱ्या फुलांनी सबंध घर झाकणारी ही वेल आज तेथील खेड्यापाड्यांत आहे.

परंतु आम्ही ही नोंद वाचतो तेव्हा मनात येते ते असे: सिमल्याच्या उतारावर ती वेल बाईंना कोणी दाखवली? तिचे बी कोणत्या महिन्यात पिकते, हे सांगणारा पहाडी कोण होता? ती डबीत भरून, पालखीबरोबर शेकडो कोस आणली कोणी? जहाजावर चढेपर्यंत रोपांना सावली आणि पाणी देणारे कलकत्त्याचे माळी कोण? जॅकमन, फॉर्च्युन, बँक्स, अ‍ॅमहर्स्ट ही नावे फुलांच्या पाट्यांवर राहिली. ज्यांच्या हातांवर मातीची खूण होती, त्यांच्या नावांचा पत्ता नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आमच्या वाचकांना, दूरच्या मातीत रुजलेले रोप तेथलेच होऊन जाते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. क्लेमॅटिस आणि गुलाब इंग्लंडात रुजले, तेथल्या माणसांनी त्यांना मायेने वाढवले. ते इंग्लंडचे झाले, हे न्याय्यच आहे. तथापि रुजलेल्याचे माहेर विसरणे आणि माहेरच्या माणसांनीच आपली लेक न ओळखणे, या दोन्ही गोष्टी खेदाच्या आहेत.

आणि आपण तिला ओळखत नाही, हेच खरे. मराठी वनस्पतिशास्त्राने क्लेमॅटिसच्या साऱ्या कुळाला ‘मोरवेल कुल’ असे नाव दिले आहे. काळे जिरे आणि बचनाग हेही त्याच कुळातले. म्हणजे शास्त्रकारांनी मोरवेलीला कुळाच्या गादीवर बसवले. आपण मात्र तिला कुंपणातील गचपण समजतो. मोरवेल या एका नावाखाली लोक दोन-तीन जाती ओळखतात. सह्याद्रीच्या उतारांवर, गोवा आणि बेळगाव यांच्यामधील घाटवाटांवर, पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत ती झुडपांवर पसरलेली दिसते. तिची फुले पांढरी, चांदणीसारखी. त्यांत पाकळ्या म्हणून जे दिसते ती वस्तुतः संदले असतात, आणि हीच गोष्ट इंग्लंडातील निळ्या फुलाचीही आहे. फुले सरली की प्रत्येक बीजाला रेशमी पिसासारखी शेपटी फुटते आणि सारी वेल पांढुरक्या तुऱ्यांनी भरून जाते. मोरवेल या नावाला ते तुरे शोभतात. जेरार्डच्या ‘प्रवाशाच्या आनंदा’ची ही इतकी जवळची बहीण, की तिच्या एका जातीला इंग्रजीत ‘हिंदी’ हे विशेषण लावून तेच नाव दिलेले आहे.

गुलाबाच्या बाबतीत आपल्याकडे थोडी जाग आली, हे समाधानाचे. कृषिशास्त्रज्ञ बी. पी. पाल यांनी देशी हवेत टिकणाऱ्या गुलाबांच्या जाती तयार केल्या, १९६० साली भारतातील सुंदर वेलींवर आणि १९६६ साली भारतातील गुलाबांवर ग्रंथ लिहिले. कोडाईकनाल येथील एम. एस. वीरराघवन यांनी मणिपूरच्या महाकाय गुलाबापासून नवे वेली गुलाब निर्माण केले आणि त्यांतल्या एकाला सर जॉर्ज वॉट यांचे नाव दिले. दोनशे वर्षे रोपे येथून बाहेर गेली. आता मूळ पुरुषाला घरी बोलावून नवा संसार मांडला जात आहे. मोरवेलीच्या वाट्याला असा कोणी जॅकमन अजून यायचा आहे. तिला बागेत मानाची जागा द्यावी, गुलाबाच्या कमानीला तिची सोबत लावून पाहावी, तिच्या जातींची निवड आणि संकर करावा, हे आपल्या उद्यान-मंडळांना आणि कृषी महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे काम आहे. पावसाळ्यात निळ्या संकरांची मुळे आपल्याकडे कुजतात. जी वेल सह्याद्रीच्या धारांत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे, तिला तो धाक नाही.

काही वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूला एका स्नेह्यांच्या मळ्यावर आम्ही उतरलो होतो. बांधाची साफसफाई चालली होती आणि कोयत्याने तोडलेल्या वेलींच्या ढिगात काही पांढरी फुले आम्हांस दिसली. घरातील शिकलेल्या मंडळींना नाव विचारले. कोणालाच सांगता येईना. मग कोयता चालवणाऱ्या वृद्ध गड्याला विचारले. तो न थांबताच म्हणाला, ‘ही मोरवेल न्हवं का! तोडली तरी येतीया पुन्हा.’ आम्ही त्यास विनंती करून बांधाच्या टोकाची एक वेल राखून ठेवविली. तिच्या शेजारी यजमानांनी नंतर एक वेली गुलाब लावला, असे त्यांच्या पत्रावरून समजते. या पावसाळ्यानंतर पुन्हा तिकडे जाऊन पाहण्याचा आमचा मानस आहे.